समुद्राच्या त्या बाजूची माणसे: इटलीतल्या एका क्रोएशियन गावाचा इतिहास

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर तेर्मोली नावाचे बंदर आहे. तिथून समुद्राकडे पाठ करून डोंगराळ भागात तीसेक किलोमीटर आत गेले की मोलिझे प्रदेशातले अक्वाव्हिवा कोल्लेक्रोचे हे गाव लागते. बिफेर्नो आणि त्रिन्यो या दोन नद्यांच्या मधल्या टेकड्यांवर, सुमारे चारशे मीटर उंचीवर ते वसले आहे. आज तिथे सहाशेच्या आसपास माणसे राहतात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाडीएवढी. गावाला दोन नावे आहेत. सरकारदरबारी ते अक्वाव्हिवा कोल्लेक्रोचे असते, तर गावकऱ्यांच्या तोंडी ते ‘झिवावोदा क्रूच’ किंवा नुसतेच ‘क्रूच’ असते. ‘अक्वाव्हिवा’ म्हणजे जिवंत पाणी, आणि ‘झिवा वोदा’ म्हणजेही तेच. मराठी वाचकाने हे दुसरे नाव जरा थांबून पाहावे, कारण ‘झिवा’ हा आपल्या ‘जीव’चा आणि ‘वोदा’ हा ‘उदक’चा दूरचा भाऊ आहे. संस्कृत आणि रशियन, पोलिश, क्रोएशियन यांसारख्या स्लाव्ह भाषा एकाच प्राचीन कुळातून निघाल्या, त्याची ही खूण आहे.

इटलीच्या ऐन दक्षिणेकडच्या डोंगरात स्लाव्ह भाषेतले नाव आले कुठून, हा या लेखाचा विषय आहे. थोडक्यात उत्तर असे की पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या सुरुवातीला एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडून, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून आणि त्याच्या मागच्या डोंगरातून, तुर्कांच्या स्वाऱ्यांपुढे पळालेली कुटुंबे इथे येऊन राहिली. हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच आहे. माणसे का निघाली ते त्यातून कळते. इथेच का थांबली आणि त्यांना थांबू का दिले ते कळत नाही. ती दुसरी बाजू समजल्याशिवाय या गावाचा पुढचा पाचशे वर्षांचा इतिहासही नीट लागत नाही.

आधी भाषेबद्दल, कारण हे गाव जगाला माहीत झाले तेच तिच्यामुळे. 1855 च्या सुमारास एड्रियाटिकच्या पलीकडच्या काठावरच्या दुब्रोव्हनिक शहराचे कवी आणि भाषाप्रेमी सरदार मेदो पुचिच इटलीत फिरत असताना नेपल्समध्ये एक शिंपी आपल्या बायकोशी बोलत असल्याचे त्यांच्या कानावर पडले, आणि ती भाषा पुचिच यांच्या स्वतःच्या भाषेशी विलक्षण जुळणारी होती. चौकशी केल्यावर शिंप्याने आपण क्रूचचे असल्याचे सांगितले. पुढे त्याच गावचे अध्यापक जोव्हान्नी दे रुबेर्तिस यांनी पुचिच यांना आपल्या लोकांविषयी पत्रे लिहिली आणि ती 1856 मध्ये झादर येथे प्रसिद्ध झाली. साडेतीनशे वर्षे समुद्राच्या दोन काठांवर एकच भाषा बोलली जात होती आणि पलीकडच्या काठाला त्याचा पत्ताही नव्हता. गावकऱ्यांना मात्र आपण कुठून आलो याचा विसर पडला नव्हता. आपले पूर्वज ‘झ ओने बाने मोरा’ आले, म्हणजे समुद्राच्या त्या बाजूकडून आले, हे वाक्य तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

या लोकांनी आपल्या भाषेला कधी ‘क्रोएशियन’ म्हटले नव्हते. ते तिला ‘ना-नाशू’ म्हणतात, म्हणजे ‘आमच्या पद्धतीने’. मराठीत हा शब्द आणताना एक गंमतशीर अडचण येते, कारण आपल्याकडे ‘आमचे’ आणि ‘आपले’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्याकडे एकच. शेजाऱ्याशी बोलताना ती ‘आपली भाषा’ असते आणि परक्या इटालियन माणसाला सांगताना ‘आमची भाषा’ होते. राष्ट्र, राज्य किंवा वंश यांपैकी कशाचेच नाव त्या शब्दात नाही, हे लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढे विसाव्या शतकात नेमका याच मुद्द्यावर वाद उभा राहिला.

आता माणसे का निघाली ते पाहू. उस्मानी तुर्कांनी 1463 मध्ये बोस्नियाचे राज्य जिंकले आणि 1482 च्या सुमारास हर्झेगोव्हिना ताब्यात घेतले. 1493 मध्ये क्रबावाच्या मैदानात क्रोएशियन सरदारांच्या फौजेचा मोठा पराभव झाला आणि शतक संपेपर्यंत मकार्स्काचा किनाराही तुर्कांच्या हाती गेला. पण केवळ राज्य बदलले म्हणून सामान्य शेतकरी गाव सोडत नाही. जमीन तीच असते आणि सारा कुणाला तरी द्यावाच लागतो. त्याला हुसकावले ते सरहद्दीवरच्या जीवनाने. मोठ्या लढाईच्या आधी आणि नंतरही वर्षानुवर्षे तुर्कांची हलकी घोडदळ पथके सीमेपलीकडच्या गावांत घुसत, गुरे नेत, पिके जाळत आणि धरलेल्या माणसांना गुलामांच्या बाजारात विकत. पेरलेले आपल्याच घरात येईल याची खात्री उरली नाही की गाव उठते. काही लोक जवळच्या बेटांवर गेले, काहींनी व्हेनिसच्या ताब्यातल्या तटबंदीच्या शहरांचा आसरा घेतला, काही उत्तरेकडे सरकले आणि काहींनी समुद्र ओलांडला. नेरेत्वा नदीच्या मुखापासून तेर्मोलीपर्यंतचे अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे. हा काही अज्ञात सागर नव्हता. दोन्ही काठांमध्ये शतकानुशतके व्यापार चाले, खलाशांना वारे आणि वाटेतली बेटे पाठ होती, आणि या इटालियन किनाऱ्यावर स्लाव्ह लोकांची तुरळक वस्ती त्याआधीपासून होतीच.

आता पलीकडचा काठ. डिसेंबर 1456 मध्ये दक्षिण इटलीत एक भयंकर भूकंप झाला आणि मोलिझेचा प्रदेश त्याच्या तडाख्यात सापडला. हजारो माणसे मेली. त्याआधीच्या शतकात प्लेगच्या साथींनी लोकसंख्या खालावली होती ती वेगळीच. खेडीच्या खेडी ओस पडली, शेतांत झुडपे माजली, आणि जमिनीच्या मालकांपुढे, मग ते सरदार असोत, बिशप असोत की मठ असोत, एकच प्रश्न उरला: नांगर धरायला माणूस कुठून आणायचा? माणसाशिवाय जमिनीतून एक दाणाही उत्पन्न येत नाही आणि दाणा नाही तर मालकाला खंडही नाही. अशा वेळी समुद्रापलीकडून घरदार हरवलेली, शेती जाणणारी आणि धर्माने कॅथलिक असलेली कुटुंबे किनाऱ्यावर उतरली, तेव्हा त्यांच्याकडे मालकांनी निव्वळ दयेने पाहिले असे मानणे भाबडेपणाचे होईल. एका काठावर जमीन सुटलेली माणसे होती आणि दुसऱ्या काठावर माणसे सुटलेली जमीन होती. क्रूचसारखी गावे या दोन्हींच्या जोडणीतून उभी राहिली.

ही जोडणी कागदावर कशी होत असे हेही थोडे समजून घ्यायला हवे. जमिनीचा मालक आणि नवे वसाहतवाले यांच्यात कलमवार करार होई. अशा कराराने ओसाड गावठाणावर घरे बांधण्याची, जमीन नांगराखाली आणण्याची आणि गुरे चारण्याची मुभा मिळे आणि त्या बदल्यात पिकाचा ठरलेला वाटा व इतर देणी द्यावी लागत. अक्वाव्हिवाची जमीन सेंट जॉनच्या लढवय्या साधुसंघाकडे होती, ज्यांना पुढे माल्टाचे नाइट्स म्हणून ओळखले गेले. अर्थात निर्वासितांनी ‘गाव वसवले’ याचा अर्थ त्यांनी कोऱ्या माळावर पहिली कुदळ मारली असा घेऊ नये. पुष्कळदा गावाचे नाव, जुन्या चर्चचे अवशेष, विहीर आणि शिवार आधीचेच असे. नवी होती ती माणसे. ‘अक्वाव्हिवा’ हे नाव इटालियन आहे आणि ‘झिवावोदा’ हे त्याचे नव्या रहिवाशांनी केलेले भाषांतर आहे. ‘कोल्लेक्रोचे’मधला ‘क्रोचे’ म्हणजे क्रूस, आणि त्याच्याशीच ‘क्रूच’ जोडले जाते. शेजारच्या पालाता गावात एका चर्चवर 1531 सालचा लॅटिन लेख होता. दाल्मेशियाच्या लोकांनी या ठिकाणी प्रथम वस्ती केली आणि हे मंदिर पायापासून उभारले, असा त्याचा आशय. दाल्मेशिया म्हणजे पलीकडचाच किनारा. लिखित पुरावे मोजकेच असताना असा सालासह कोरलेला दगड इतिहासकाराला सोन्यासारखा वाटतो.

अशी व्यवस्था एकट्या मोलिझेतच झाली असेही नाही. सोळाव्या शतकात तुर्कांच्या मोहिमांनी आजच्या ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सीमेवरची गावे उद्ध्वस्त केली तेव्हा तिथल्या जमीनदारांनीही क्रोएशियातून शेतकरी आणून वसवले. ऑस्ट्रियाच्या बुर्गेनलांड प्रांतात त्यांच्या वंशजांची कितीतरी गावे आजही आहेत. ‘क्रोएशियन लोकांनी वसवलेले गाव’ म्हटल्यावर गोव्यातल्या वाचकांना मात्र जुन्या गोव्याजवळची गवंडाळी आठवेल. तिथले चर्च संत ब्लेझ यांचे आहे आणि हे संत दुब्रोव्हनिक शहराचे आश्रयदाते आहेत. या धाग्यावरून सोळाव्या शतकात दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांनी तिथे वसाहत केली असे सांगितले जाते. त्या वसाहतीच्या आकाराविषयी आणि पुराव्यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय ती गोष्ट खरी धरली तरी तिथे आलेली माणसे व्यापाराच्या लाभासाठी आलेली होती, जीव वाचवून पळालेली नव्हती. म्हणून मोलिझेच्या गोष्टीशी तिची सरमिसळ करू नये.

मोलिझेत अशा स्लाव्ह वस्तीची सुमारे पंधरा गावे होती. इटालियन लोक या पाहुण्यांना ‘स्कियावोनी’ म्हणत. सान जाकोमो देली स्कियावोनी या गावाच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. या शब्दाची कुळकथा फारशी सुखद नाही. मध्ययुगात स्लाव्ह लोक इतक्या मोठ्या प्रमाणावर गुलाम म्हणून विकले गेले की युरोपातल्या अनेक भाषांत ‘स्लाव्ह’ या नावावरूनच ‘गुलाम’ हा शब्द बनला. इटालियनमध्ये त्याचे रूप ‘स्कियावो’. व्हेनिसच्या बोलीत ‘मी आपला दास’ या अर्थाने म्हटल्या जाणाऱ्या याच शब्दाची झीज होऊन ‘चाओ’ हे जगभर पसरलेले अभिवादन तयार झाले. सहज हात हलवून ‘चाओ’ म्हणणाऱ्या कुणाच्या मनात हे येत नसणार, आणि ते येण्याची गरजही नाही. पण शब्दांच्या पोटात इतिहास कसा दडून बसतो हे त्यावरून दिसते.

या पंधरापैकी भाषा आज फक्त तीन गावांत उरली आहे: अक्वाव्हिवा कोल्लेक्रोचे, सान फेलिचे (स्थानिक नाव फिलिच) आणि मोन्तेमित्रो (स्थानिक नाव मुंदिमितार). बाकीच्या गावांत ती का मेली आणि इथेच का जगली? याचे पहिले कारण धर्माचे आहे, आणि ते जरा उलटे आहे. आलेले लोक रोमन कॅथलिक होते आणि यजमानही. त्यामुळे चर्च एक, संत एक, सण एक, आणि सोयरीक जुळायला कसलाच अडसर नाही. धर्म वेगळा असता तर तोच भाषेभोवती कुंपण होऊन बसला असता. तसे कुंपण नसल्याने मिसळून जाणे सोपे झाले. ज्या गावांत इटालियन कुटुंबेही येऊन राहिली, जी बाजारपेठांच्या वा किनाऱ्याच्या जवळ होती, तिथे काही पिढ्यांत स्लाव्ह बोली मागे पडली. तावेन्ना या गावात ती एकोणिसाव्या शतकापर्यंत कशीबशी तग धरून होती. तीन गावे वाचली ती मुख्यतः आडवळणी असल्यामुळे. ती एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत, त्यामुळे लग्ने आपसांत होऊ शकत, आणि दऱ्याखोऱ्यांतून जाणारे रस्ते इतके वाईट होते की बाहेरचा माणूस कामाशिवाय फिरकत नसे. भाषेवरचे प्रेम, अस्मिता, परंपरेचा अभिमान वगैरे गोष्टी नंतरच्या लेखनात फार येतात. मला मात्र वाटते की या भाषेवर सर्वांत मोठे उपकार चिखलाच्या वाटांचे आहेत.

गावाच्या आठवणीत हा सगळा इतिहास अगदी वेगळ्या रूपात जपला गेला आहे. त्यात भूकंप नाही आणि जमीनदाराचा करारही नाही. आहे तो मे महिन्यातला एक शुक्रवार, ज्या दिवशी पूर्वज होड्यांतून किनाऱ्याला लागले असे सांगतात. मोन्तेमित्रोच्या लोकांचे आराध्य संत लुचिया. मे महिन्यात शुक्रवारी तिची मिरवणूक गावाबाहेरच्या छोट्या देवळापर्यंत जाते आणि आपल्या पूर्वजांनी पहिला मुक्काम तिथेच केला होता अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. क्रूचमध्ये 1 मे रोजी हिरव्या फांद्या आणि फुलांनी मढवलेला ‘माया’ नावाचा उंच पुतळा गाणी म्हणत गावभर मिरवतात. वसंताचे असे उत्सव युरोपात पुष्कळ ठिकाणी होतात, त्यामुळे हा समुद्रापलीकडून आलेला की इथेच स्वीकारलेला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या गाण्यांत ‘ना-नाशू’चे शब्द येतात, एवढे मात्र खरे.

मग हे लोक नेमके कुठल्या भागातून आले हे कसे ठरवायचे? जहाजाची यादी नाही, वंशावळ नाही. इथे भाषा हाच दस्तऐवज होतो, आणि तो वाचण्याची पद्धत फार मजेची आहे. क्रोएशियन भाषेत एका जुन्या स्वराची तीन वेगवेगळ्या प्रदेशांत तीन रूपे झाली. दुधाला कुणी ‘म्लेको’ म्हणतो, कुणी ‘म्लियेको’ आणि कुणी ‘म्लिको’. ‘पानी’ म्हणणारा कुठला आणि ‘पाणी’ म्हणणारा कुठला याचा अंदाज आपण बांधतो, तसाच हा प्रकार. मोलिझेच्या बोलीत तिसरे, ‘इ’कार असलेले रूप येते, सुंदर या अर्थाचा शब्द तिथे ‘लिप’ असा होतो. दुसरी खूण ‘काय’ या प्रश्नार्थक शब्दाची. किनाऱ्याच्या आणि बेटांच्या बऱ्याच भागांत तो ‘चा’ आहे, तर आतल्या मुलुखात ‘श्तो’. आणि मोलिझेच्या बोलीचा गट ‘श्तो’चा आहे. या दोन खुणा एकत्र जिथे सापडतात तो टापू शोधत गेले की मकार्स्काचा किनारा, त्याच्या पाठीमागचा बियोकोव्हो डोंगर आणि नेरेत्वाचे खोरे हा परिसर समोर येतो. व्हिएन्नात 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मिलान रेशेतार या भाषाशास्त्रज्ञाने या वसाहतींचा पहिला सविस्तर अभ्यास मांडला. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली, काही ठिकाणी मतभेदही नोंदवले. पण साधारण दिशा हीच राहिली.

लोक केव्हा निघाले हेही भाषा सांगते, आणि तेसुद्धा तिच्यात जे नाही त्यावरून. बोस्निया आणि दाल्मेशियाच्या बोलींत तुर्की राजवटीबरोबर शेकडो तुर्की, फारसी आणि अरबी शब्द शिरले. दुकानाला तिथे ‘दुचान’ म्हणतात. तो आणि आपला ‘दुकान’ मुळात एकच शब्द. तो आपल्याकडे फारसीतून आला, त्यांच्याकडे तुर्कीतून. मोलिझेच्या बोलीत मात्र असे तुर्की थराचे शब्द आढळत नाहीत. याचा अर्थ तुर्की अंमल मुरण्याच्या आधी, शब्द रुजायला लागणाऱ्या पिढ्या जाण्यापूर्वीच ही माणसे समुद्र ओलांडून गेली होती. पंधराव्या शतकाच्या अखेरचा काळ या हिशेबात नेमका बसतो.

आडनावांतही काही खुणा शिल्लक आहेत. चर्चच्या नोंदवह्या लिहिणारे कारकून इटालियन वळणाने लिहीत, त्यामुळे नावे बदलली, तरी स्तानिशा, मिर्को, राडी यांसारख्या आडनावांचा स्लाव्ह साचा लपत नाही.

पाचशे वर्षे इटालियनच्या शेजारात राहिलेली भाषा जशीच्या तशी राहील अशी अपेक्षा करणे चूक आहे, आणि गावाच्या इतिहासातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग तोच आहे. शब्द उसने घेणे ही वरवरची गोष्ट. इथे व्याकरणाचा सांगाडाच हलला. मराठीप्रमाणे स्लाव्ह भाषांतही तीन लिंगे असतात. इटालियनमध्ये दोनच. मोलिझेच्या बोलीत नामांमधले नपुंसकलिंग जवळजवळ नाहीसे झाले. ‘ते घर, ते झाड’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला सगळ्या वस्तू ‘तो’ आणि ‘ती’ यांतच बसवाव्या लागल्या तर काय होईल, अशी कल्पना करून पाहावी. दुसरे उदाहरण विभक्तीचे. ‘गावाला गेलो’ आणि ‘गावात आहे’ यांत जो फरक आहे तो स्लाव्ह भाषांत वेगवेगळ्या विभक्तींनी दाखवतात. इटालियन हा फरक करत नाही, आणि या बोलीनेही तो करणे सोडून दिले.

भविष्यकाळाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. क्रोएशियनमध्ये भविष्यकाळ ‘इच्छिणे’ या क्रियापदाच्या साहाय्याने होतो, तर दक्षिण इटलीच्या बोलींत ‘माझ्याकडे करायचे आहे’ अशा रचनेने. मोलिझेच्या बोलीने दोन्ही ठेवले आणि कामे वाटून दिली: ठरलेल्या, करायलाच हव्या अशा गोष्टीसाठी इटालियन धर्तीची रचना, आणि होईलसे वाटते अशा शक्यतेसाठी जुनी. ‘मला उद्या जायचे आहे’ आणि ‘मी उद्या जाईनही’ यांत आपण जो फरक करतो तो साधारण याच जातीचा. जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठाचे वाल्टर ब्रॉय यांनी या बदलांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि एका स्थानिक सहकाऱ्याबरोबर 2000 मध्ये क्रूचच्या बोलीचा शब्दकोशही प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलेली एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इटालियनमध्ये नामापूर्वी दोन प्रकारची उपपदे येतात: अनिश्चित, जे ‘एक’ या संख्येसारखेच दिसते, आणि निश्चित. स्लाव्ह भाषांत बहुधा एकही नसते. मोलिझेच्या बोलीने पहिले उचलले. ‘एक’ या अर्थाचा ‘येना’ झिजून ‘ना’ झाला आणि ‘एक राजा होता’मधल्या ‘एक’सारखा वापरला जाऊ लागला. दुसरे मात्र तिने घेतले नाही, कारण ‘एक’ हा शब्द तिच्याकडे आधीच होता, इटालियनच्या निश्चित उपपदाशी सहज जोडता येईल असा घरचा शब्द मात्र नव्हता. भाषा परक्याचे घेते तेव्हाही आपल्या घरातल्या भांड्यांत मावेल तेवढेच घेते.

उरलेला राजकीय इतिहास आटोपशीर सांगता येईल. क्रूचमधून राष्ट्रीय इतिहासात गेलेले नाव म्हणजे डॉक्टर निकोला नेरी. ते 1761 मध्ये जन्मले, फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रेरणेने नेपल्समध्ये स्थापन झालेल्या अल्पजीवी प्रजासत्ताकात सहभागी झाले आणि राजसत्ता परत आल्यावर 1799 मध्ये त्यांना फाशी देण्यात आले. 1861 मध्ये इटलीचे एकीकरण झाले आणि शाळा, सैन्यभरती, टपाल यांच्यासोबत इटालियन भाषा प्रत्येक उंबरठ्यापर्यंत आली. फॅसिस्ट राजवटीत परक्या भाषांविषयी सरकारला तिटकारा होता. शेजारच्या गावाचे ‘सान फेलिचे स्लावो’ हे नाव बदलून ‘सान फेलिचे लित्तोरियो’ करण्यात आले. लित्तोरियो हा शब्द फॅसिस्टांच्या आवडत्या रोमन चिन्हाशी जोडलेला होता, म्हणून युद्धानंतर तोही गेला आणि गाव ‘सान फेलिचे देल मोलिझे’ झाले. पण पूर्वीचे ‘स्लावो’ काही परत आले नाही. सुमारे पाचशे वर्षे ज्या कारणाने ते गाव वेगळे होते, ते कारण त्याच्या अधिकृत नावातून कायमचे पुसले गेले.

तरीही या भाषेला खरा धक्का सरकारी हुकमाने दिला नाही. तो दिला पोटापाण्याने. मोलिझे हा दक्षिण इटलीतला गरीब, शेतीवर जगणारा मुलूख. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, तिथून माणसे इटलीच्या उत्तरेकडच्या कारखान्यांत, जर्मनीत, अर्जेंटिनात आणि ऑस्ट्रेलियात गेली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात या गावांची कुटुंबे इतकी आहेत की तिथेही ही बोली ऐकू येते. ओसाड जमिनीला माणसे हवी होती म्हणून जी गावे उभी राहिली, ती माणसे निघून गेल्याने पुन्हा रिकामी होत चालली. गावात राहिलेल्यांच्या घरी दूरदर्शन आले, रस्ते सुधारले, मुले बाहेरच्या शाळांत जाऊ लागली, आणि मुलांना पुढे अडचण नको म्हणून आईवडील त्यांच्याशी इटालियनच बोलू लागले. आज ही बोली सहज बोलणारे सुमारे हजार लोक असल्याचा अंदाज सांगितला जातो. नुसती समजणाऱ्यांची संख्या त्याहून मोठी आहे.

भाषा घटत असताना तिला कायद्याचे संरक्षण मात्र मिळाले. 1996 मध्ये इटली आणि क्रोएशिया यांनी अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी करार केला, आणि इटलीच्या 1999 च्या 482 क्रमांकाच्या कायद्याने ज्या बारा भाषिक अल्पसंख्याकांना मान्यता दिली त्यांत क्रोएशियन भाषिकांचाही समावेश आहे. दोन भाषांतल्या पाट्या, सांस्कृतिक संस्था, शाळेत थोडे तास या गोष्टी त्यातून शक्य झाल्या.

इथे मघाचा ‘ना-नाशू’ पुन्हा आडवा येतो. शाळेत शिकवायचे काय? झाग्रेबची प्रमाण क्रोएशियन शिकवावी तर पुस्तके तयार आहेत, शिक्षक मिळू शकतात, क्रोएशियाची मदत आहे आणि मुलांना एका देशाची भाषा येते. पण ती आजीची भाषा नाही. आजीच्या बोलीत नपुंसकलिंग नाही, तिच्यात ‘ना’ आहे, ती निम्मे शब्द इटालियन वापरते, आणि प्रमाण भाषेचा शिक्षक तिची वाक्ये लाल शाईने दुरुस्त करू लागला तर नातवाला वाटेल की आजी चुकीचे बोलते. उलट फक्त स्थानिक बोलीच शिकवावी तर तिच्यात लिहिलेले साहित्य थोडे आहे आणि तिन्ही गावांच्या बोलण्यातही फरक आहेत. नावावरूनही असाच तिढा आहे: ब्रॉय यांच्यासारखे भाषाशास्त्रज्ञ तिला ‘मोलिझेची स्लाव्ह’ म्हणतात, कारण स्थलांतर झाले तेव्हा आजच्या अर्थाची क्रोएशियन राष्ट्रीय ओळख घडलेली नव्हती, क्रोएशियातले अभ्यासक ‘मोलिझेची क्रोएशियन’ म्हणतात, कारण तिचे मूळ खोड तेच आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझा कल बोलीकडे आहे, कारण प्रमाण क्रोएशियन शिकवायला चाळीस लाखांचा एक देश आहे, आणि क्रूचची बोली शिकवायला क्रूचशिवाय कुणी नाही.

गावातल्या सांता मारिया एस्टर या चर्चवर एक दगड आहे. त्यावर पाच अक्षरांचे पाच लॅटिन शब्द एकाखाली एक कोरले आहेत: साटोर, आरेपो, टेनेट, ओपेरा, रोटास. डावीकडून, उजवीकडून, वरून किंवा खालून, कसेही वाचले तरी तेच शब्द येतात. हा चौकोन पॉम्पेईच्या अवशेषांतही सापडला आहे आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर विद्वान अजून भांडतात. ‘साटोर’ या शब्दाचा अर्थ मात्र सर्वांना मान्य आहे: पेरणारा.